पातं हलणार नाही

प्रिय बाबा,

आईजवळ निरोप ठेवला असता, पण तुमच्यापर्यंत पोचेतो ती अर्धा गिळून टाकते. म्हणून कागद काळा करतेय. गुडघा कसा आहे? इथे कामं बरी चालली आहेत.

शाळेच्या अंगणातल्या सूर्यघड्याळाची दुरुस्ती आपल्याकडे आली, हे तुम्हाला माहीत आहेच. तुम्ही घडवलेला दगड अजून खणखणीत आहे. तासांच्या रेषांवरून बोट फिरवलं, कुठे खरखर लागत नाही. पण सावली पाडणारं पितळी पातं खऱ्या उत्तरेपासून बोटभर सरकलेलं, आणि त्याच्या पायाशी पान्याचे ओरखडे. आपल्या एक दात मोडलेल्या पान्याचे. तो मी रोज वापरते, मला नाही ओळखू येणार?

तेव्हाच्या मुख्याध्यापकांना सावली घड्याळाच्या चोवीस मिनिटं मागे दिसली आणि तुम्ही भर दुपारी पातं पिळून ती जुळवून दिलीत. तेवढी दुपार जुळली. पुढची तीस वर्षं सकाळी एक चूक, संध्याकाळी भलतीच! मुळात बिघडलं काहीच नव्हतं, बाबा. हातातलं घड्याळ साऱ्या देशासाठी ठरवलेल्या एका रेषेची वेळ दाखवतं. आपलं गाव त्या रेषेच्या पश्चिमेला, तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावर उशिराच येणार. शिवाय वर्षभर तो थोडं पुढेमागे करतोच. हे सगळं मला तुम्हीच शिकवलंत, आणि साहेबांपुढे मात्र मान डोलावलीत. त्याचा मला राग आला. अजून आहे.

मी पातं पुन्हा ध्रुवाकडे वळवलं. कोणत्या महिन्यात सावलीच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची, तेही शेजारी कोरलं. आताच्या बाई म्हणतात, एवढी बेरीज करणार कोण? शाळेत नाही करायची तर काय न्हाव्याच्या दुकानात करायची? हे मी त्यांना तोंडावर विचारलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

बाईंनी तुम्हाला फोन केला आणि सोमवारी येऊन पोरीचं निस्तरून देतो म्हणालात, असं कळलं. जरूर या. मी सकाळपासून तिथेच असेन. मात्र पाना आणू नका, उपयोग नाही. या वेळी मी खाचेत शिसं ओतून पातं कायमचं बसवलंय. ते फिरवायचं तर दगड फोडावा लागेल, तुमच्याच हातचा. घण मी आणून ठेवलाय.

तुमचीच,
छिन्नी