बांधावरचा सोयरा

।। श्री गुरुबसवलिंगाय नमः ।।

माकणी,
१२ जानेवारी २०२४

तीर्थरूप नंदीशअण्णास, धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

फोन अप्पांच्या खिशात असतो आणि बोलताना अव्वा शेजारी येऊन बसते, म्हणून पत्र. हसलास तरी चालेल. बारावीला दोनदा बसलास, तुळजापुरात लॉजवर चादरी बदलल्यास, आता जहाजावर कांदे चिरतोस, तरी घरात तुझंच ऐकतात.

शेजारच्या रानाचे कोंडीरामकाका दर नांगरटीला आपला बांध कोरतात. वीतभर, वीतभर. मागच्या खेपेला हद्दीचा दगडच आपल्या रानात आणून बसवला. अप्पा बोलायला गेले तर त्यांची पोरं काठ्या टेकून उभी. म्हणून अप्पांनी तोड काढलीय: मुरुमचे आडतवाले शांतलिंगअप्पा, त्यांच्या पोराला मला द्यायचं. मागं मोठं माणूस उभं असलं की दगड आपोआप जागेवर जातो, म्हणतात. अजून सुपारी फुटलेली नाही.

मला जूनपासून उमरग्याला नर्सिंगला जायचंय. अप्पा म्हणतात, पुढं बघू. पुढं कोण बघतं अण्णा? तू एकदा त्यांना थांबा म्हण.

लोभ आहेच, तो अप्पांच्या कानापर्यंत पोचव.

तुझी निकिता


फिलिपिन्स,
६ फेब्रुवारी

चि. निकितास, लांबून आशीर्वाद.

जहाज दुरुस्तीला लागलंय, म्हणून मी किनाऱ्यावर रामोन नावाच्या कोळ्याच्या घरी राहतो. त्याची बायको सकाळी शिळा भात लसणात परतते. अव्वाच्या फोडणीच्या भातासारखाच, फक्त हळद न्हाय. हळद मागितली तर तिनं हळदीचा चहा करून दिला. प्यालो. काय सांगत होतो, बांध.

मला वाटायचं समुद्राला बांध नसतो. असतो. रामोनचा आजा ज्या उथळ खडकांवर मासे धरायचा तिथं आता चीनची मोठी जहाजं उभी असतात. ते म्हणतात जागा आमची, हे म्हणतात आमची. निवाडा ह्यांच्या बाजूनं झाला म्हणे, पण सरकारी मोजणी आणली म्हणून कोंडीरामकाका ऐकतात का? रामोनची होडी जवळ गेली की पाण्याचे फवारे मारून हाकलतात. ह्यांचा देश एवढासा. म्हणून अमेरिकेशी करार, एकावर हात पडला तर दुसऱ्यानं धावायचं. परवा त्यांचं लढाऊ जहाज आलं. सगळं गाव किनाऱ्यावर. रामोन त्या दिवशी थेट खडकांपर्यंत गेला आणि होडी भरून मासे आणले. त्याची म्हातारी आई रडली गं.

ते बघून वाटलं, अप्पा चुकत न्हाईत. मोठा सोयरा असावाच. त्यांना तसं वेगळं पत्र टाकलंय. राग धरू नको. मुरुमहून उमरगा काय लई लांब न्हाय, नर्सिंग तिथूनही होईल.

मायेत काटकसर नको.

तुझा अण्णा


फिलिपिन्स,
२८ फेब्रुवारी

चि. निकितास, आशीर्वाद.

घाईत लिहितोय. ते अमेरिकेचं जहाज गेलं. दुसऱ्या सकाळी चीनची जहाजं पुन्हा जागेवर. रामोन आदल्या दिवसाच्या भरवशावर गेला, फवाऱ्यात होडी उलटली, हात मोडला. करार कुठं गेला म्हणून विचारलं तर म्हणे, एवढ्यानं करार जागा होत न्हाय. आणि ह्या दोस्ताचा माल ठेवायला इथल्या सरकारनं गावाजवळची जागा मात्र दिलीय. तिथं आता रामोनच्या भावाला जाळी वाळत घालता येत न्हाईत. होडी अंगणात पडलीय, कोंबड्या बसतात तीत.

अप्पांना फोन लावून थांबा म्हणालो. म्हणाले, तुझंच पत्र सुपारीच्या बैठकीत वाचून दाखवलं, पाहुणे खूष झाले, आता शब्द फिरवू का? आणि फोन ठेवून दिला.

तू न्हाय म्हण. मी मागं उभा आहे.

अण्णा


मुरुम,
२६ मे

तीर्थरूप अण्णास, शि. सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा मला हळद लागली होती. मागं उभा आहेस म्हणून लिहिलंस. इतक्या मागचं माणूस मांडवातून दिसत नाही. रागानं नाही लिहीत.

लग्न झाल्यावर मामंजी गाड्या घेऊन माकणीला गेले. कोंडीरामकाकांनी हात जोडले, दगड स्वतः उचलून जागेवर ठेवला. अप्पांनी साऱ्या गल्लीला चहा पाजला. मग नांगरट आली आणि दगड पुन्हा आपल्या रानात. अप्पांनी फोन केला तर मामंजी म्हणाले, वीतभर मातीसाठी कशाला वाकडं घ्यायचं, कोंडीरामचं सोयाबीन माझ्याच आडतीवर येतं.

पण रस्त्याकडची आपली चिंचेची पट्टी त्यांनी गोदामासाठी मागून घेतली. आपलं माणूस तिथं असलं की बांध राखला जाईल, म्हणाले. पत्रे उभे राहिलेत, चिंच तोडली. त्यांचा राखणदार गोदाम राखतो. कोंडीरामकाकांनी इतक्या सालात वितीवितीनं नेलं त्याच्या कितीतरी पट एका दुपारी गेलं. अप्पा नाही म्हणू शकले नाहीत. मी इथं आहे ना.

हे वाईट नाहीत, बापापुढं बोलत नाहीत इतकंच. नर्सिंगचं नाव आता कुणी काढत नाही. सासूबाईंच्या गुडघ्याला रोज पट्टी बांधते, तेवढंच माझं नर्सिंग.

रामोनचा हात जुळला का? बोटं रोज हलवत राहा म्हणावं, नाहीतर आखडतात. आणि त्याला माझं एक विचार. शेजारी बांधावर आला तर सोयऱ्याला हाक मारता येते. सोयराच बांधावर येऊन बसला तर कुणाला मारायची?

उत्तर उशिरा आलं तरी चालेल, लोभ तेवढा वेळेवर येऊ दे.

तुझी निकिता