मक्यातल्या अस्वलाबद्दल खुलासा

धामणगाव बढे,
रविवार दुपार

तीर्थस्वरूप निवृत्तीमामा यांना भाचा गजेंद्र याचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता कसा आहे? तुमची बीपीची गोळी वेळेवर चालू असेलच. नसेल तर पुढे वाचण्याआधी घ्या. खरं तर फोनच केला असता, पण मामी फोन स्पीकरवर टाकून बोलतात आणि हा मजकूर तुमच्या अख्ख्या क्वार्टर लाइनीला ऐकवण्यासारखा नाही.

मामा, आमच्या शिवारात अस्वल आलंय म्हणून तुमच्या वनखात्याने गेल्या सोमवारी पिंजरा लावला. ते अस्वल मी आहे.

उठू नका, बसूनच वाचा. माझं संगीत तुम्हाला ठाऊक आहे. (दिवाळीत तुमच्या गाडीत मी एकच गाणं लावलं होतं, तेव्हा मोताळ्याच्या अलीकडे गाडी थांबवून तुम्ही बॉनेट उघडून पाहिलं होतं.) या संगीतात गायक गळ्याने गात नाही, बेंबीच्या देठापासून गुरगुरतो. त्याला रोजचा सराव लागतो आणि तो घरात होत नाही, कारण पहिल्याच दिवशी आईने मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि माझा काळा टी-शर्ट चुलीत घालायला निघाली. (त्यावर बँडचं नाव आहे, पण ते उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळांसारखं दिसतं, म्हणून ती त्याला करणी समजते.) वाचनही त्याच धर्तीचं आहे: स्मशान, प्रलय, ओसाड देवळं, आणि एका जर्मन तत्त्वज्ञाची झेरॉक्स, ज्यात जन्माला येणं हीच मुळात चूक आहे असं सिद्ध केलेलं आहे. बाबांनी त्यातली दोन पानं वाचली आणि म्हणाले, "हे तं मी तुह्या निकालाच्या दिवशीच म्हनलो होतो."

तर या सगळ्या अभ्यासातून माझं ठाम मत झालं होतं की आयुष्याला अर्थ नाही आणि मरणाला भिण्याचं कारण नाही. हे मत पिंजरा लागण्याच्या दोन दिवस आधी, शनिवारी संध्याकाळी पावणेसहापर्यंत टिकलं.

त्या वेळी मी आमच्या मक्यात उभा होतो. मका डोक्याच्या वर गेलाय, आवाज बाहेर जात नाही असा माझा समज. अंगात तोच टी-शर्ट, केस मोकळे सोडलेले, डोळे मिटलेले. शेजारच्या वावरात तानाबाई शेळ्या चारत होती, तिने धाटांच्या फटीतून काळं केसाळ काहीतरी डुलताना पाहिलं आणि गुरगुर ऐकली. तिने बोंब ठोकली ती मला ऐकूच आली नाही, कारण कानात इअरफोन. गाणं संपलं, मी डोळे उघडले, तर चारी बाजूंनी डबे वाजत होते आणि आमचे कारभारीकाका (बाबांचे थोरले भाऊ, आता सरपंचही, स्वभाव तुम्हाला माहीत आहे) ओरडत होते, "तिकून घेरा बे! सुटला नाही पाह्यजे!"

पन्नासेक माणसं असतील, कुऱ्हाडी, भाले, काठ्या घेऊन. मी जीव खाऊन ओरडलो, "मी आहे, मी!" पण तासभर गुरगुरून घसा इतका बसला होता की त्यातून निव्वळ डरकाळीच बाहेर पडली. त्यासरशी एक धोंडा कानाजवळून गेला. जर्मन तत्त्वज्ञ कुठल्या कुठे गेला, मामा, आणि मी गजानन महाराजांचं नाव घेत पोटावर सरपटत नाल्यात उतरलो. तिथून वळसा घालून घामाने निथळत घोळक्यात मागून शिरलो, एक काठी उचलली आणि सगळ्यांबरोबर स्वतःलाच शोधू लागलो.

बाबांनी मला पाहिलं आणि दंड धरून मागे ओढलं. "तू काऊन आला बे इथं? माह्या मांगं राह्य. पुढं पाय नको टाकू." आणि ते स्वतः काठी घेऊन, मक्याकडे तोंड करून माझ्यापुढे उभे राहिले. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. ज्या अस्वलापासून ते मला वाचवत होते ते त्यांच्या पाठीशी उभं आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

न सांगितल्याचा परिणाम असा, की येत्या बुधवारपर्यंत पिंजऱ्यात काही सापडलं नाही तर नाल्याच्या काठाने तार ओढून तिच्यात विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून करंट सोडायचा, असं काकांनी चावडीवर सांगून टाकलंय. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि त्या नाल्यातून रोज तानाबाई जाते, तिच्या शेळ्या जातात. माझ्या गाण्यापायी कुणाचा जीव गेला तर मी काय करू?

तेव्हा मामा, तुम्ही वर्दी घालून या, अस्वल शिवारात नाहीच असं सांगा, पिंजरा उचला आणि काकांना तारेच्या कायद्याचा धाक घाला. माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका.

मोठ्यांना नमस्कार, छकुलीला गोड पापा.

तुमचा भाचा,
गजेंद्र

ता. क. पिंजरा लागल्यावर मी सराव बंद केला, असं लिहायचं मनात होतं. पण तसं झालेलं नाही. मक्याच्या पलीकडच्या टोकाला, अगदी हळू, तीनच दिवस.

ता. क. २. हे पत्र तुमच्याकडे आणणारा वनमजूर अकील आत्ताच आलाय, पत्रासाठी दारात थांबलाय. पिंजऱ्याशिवाय तुमच्या लोकांनी एक कॅमेरा पलीकडच्या बांधावर बांधला होता, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने फोटो दाखवले. मी पाठमोरा, तोंड उघडं, हात वर. आणि माझ्यामागे दहा पावलांवर, बांधावर, अस्वल. खरंखुरं. तिन्ही दिवस. अकील म्हणाला, "गजूभाऊ, सरपंचाले अजून नाही दाखोलं. पन उद्या कार्ड हापिसात द्या लागते." काकांच्या हाती हा फोटो पडला तर तार बुधवारची वाट पाहणार नाही.

म्हणून वर अस्वल नाही सांगून पिंजरा उचला असं लिहिलंय ते खोडून वाचा. अस्वल आहे, म्हणून लगेच या, पिंजरा त्या पलीकडच्या बांधावर हलवा आणि त्याला धरून तुमच्या अभयारण्यात नीट पोचवा. लागलं तर माझं नाव घ्या. बाबांना आज दिवस मावळायच्या आत मी स्वतःच सगळं सांगतो, मग जे व्हायचं ते होवो.

फोटोंवर वेळ छापलेली आहे, मामा. मी सुरू केल्यावर पाच मिनिटांनी ते येऊन बसायचं आणि गाणं संपेपर्यंत हलायचं नाही. आजवर माझं एक गाणं कुणी पुरतं ऐकलेलं नाही. त्याला मरू देऊ नका.