एका मुलीचा गट

सोमवार, ३ फेब्रुवारी

निकाल आला! अख्ख्या शाळेत मुलं एकोणचाळीस, आणि वरच्या कार्यालयाने त्यांचे गट पाडलेत अकरा. मुलगे, मुली, मजुरांची, शेतकऱ्यांची... चष्मेवाली तेवढी राहिली, ती पुढच्या वर्षी.

'घरची भाषा वेगळी' या गटाची प्रगती— शून्य टक्के. तांबड्या शाईत! गट म्हणजे कोण? सातवीतली, खाणीवरच्या मजुरांची पोर. एकटीच! 'फिरस्ती कुटुंबं' या गटातही तीच, एकटीच. एका पेपरात दोन समाज बुडवले पठ्ठीने.

हेडमास्तर डोकं धरून बसलेले. (पोरं त्यांना टक्केसर म्हणतात. मीही म्हणते, मनात.) "बाई, मार्चच्या परीक्षेत एक गट जरी शून्यावर राहिला, तर आपली शाळा शहरातल्या शाळेत विलीन!" मग म्हणाले, "गटाची बैठक घ्या."

घेते की. एक जण आला की सभा भरली!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बैठक झाली. गट उशिरा आला, कारण गटाला धाकट्या भावाला झोपवायचं होतं. गटाने केस विंचरले नव्हते.

विचारलं, "टोपलीत चोवीस अंडी होती, सात फुटली. किती उरली?"

"एकतीस."

"अगं, फुटून अंडी वाढतात होय?"

हसली नाही. खाली बघत म्हणाली, "बाई, उरली म्हणजे काय?"

वजाबाकी चोख येते तिला! कुठे करायची तेच कळत नव्हतं. दीड वर्ष ती जिथे तिथे बेरीज करत बसली, आणि मी जिथे तिथे फुली मारत बसले. दोघीही कष्टाळू.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आता रोज शाळा सुटली की अर्धा तास. घरी यायला उशीर, म्हणून आमचे हे कुरकुरले— "एका पोरीसाठी एवढं?" म्हटलं, "पोर नाही हो, गट आहे!"

आजचे शब्द— उसने, शिल्लक, निम्मे. 'निम्मे'ला तिच्या भाषेत काय म्हणतात ते तिने सांगितलं. मी म्हणून दाखवलं, तर पोट धरधरून हसली. उच्चारात मी शून्य टक्के.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज अंडी उरली. सतरा!!

शनिवार, १ मार्च

टक्केसरांना युक्ती सुचली! दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला. "परीक्षेच्या दिवशी ती आजारी पडली तर? गैरहजर मूल मोजत नाहीत."

"कुठला आजार हवा, सर? तापाने भागेल की गोवर काढायचा?"

"थट्टा नको, बाई. अडतीस मुलांचा प्रश्न आहे."

"एकोणचाळीस."

त्यांनी उठून दार उघडलं. बाहेर आले आणि तिच्या वहीत आणखी पाच गणितं घालून ठेवली.

सोमवार, १० मार्च

परीक्षा. आली! सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसलेली. टक्केसरांनी तिला पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, मग छताकडे. म्हटलं, आता काढतात ताप! पण तिचं पेन उठत नव्हतं, तर खिशातलं स्वतःचं काढून दिलं. मुकाट्याने. सूर्य कुठून उगवला होता आज?

शुक्रवार, २८ मार्च

पास! काठावर, पण पास! म्हणजे गट शून्यावरून थेट शंभर टक्के! कार्यालयात म्हणे सगळे थक्क. 'एवढी झेप कुठल्याच शाळेने घेतली नाही.' ७ तारखेला मोठे साहेब येणार, 'गटाशी संवाद' साधायला. वर्गाला रंग लागतोय. टक्केसरांनी नवा शर्ट शिवायला टाकलाय.

गट म्हणाला, "बाई, मी काय बोलू?" म्हटलं, "एकमताने बोल."

गुरुवार, ३ एप्रिल

तिचा बाक रिकामा. खाणीतला दगड संपला, मजुरांचा ट्रक पहाटेच दुसऱ्या खाणीवर गेला. कुणाला सांगायची सवड मिळाली नसेल. मला तरी कशाला सांगतील!

टक्केसरांचा चेहरा पांढराफटक. दुपारी मोटारसायकल काढून निघाले. शिपायाने विचारलं, "सर कुठे गेले?" म्हटलं, "प्रदर्शनाचा माल आणायला."

आज जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

ती वर्गात! टक्केसरांच्या घरी उतरलीय. त्यांच्या बायकोने दोन वेण्या घातल्यात, इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया वर गेल्यात. आईने कपड्यांचं गाठोडं सोबत दिलंय.

"तिकडे शाळा नाहीच, बाई," म्हणाली. "लांब आहे. आई म्हणते, ओढा लागतो मध्ये."

सोमवारी फोटो, मंगळवारी ओढ्यापलीकडे रवानगी! लग्नात भांडी आणतात भाड्याने, आम्ही गट आणला. जेवणाच्या सुट्टीत तिला नवे शब्द शिकवायला बसले आणि एकही सुचेना.

सोमवार, ७ एप्रिल

साहेब आलेच नाहीत. दुसरीकडे बैठक निघाली म्हणे. कार्यालयाला फोन करून विचारलं, पुन्हा येणार का? "नाही, आता अहवालच पाठवा." दिवसभर रंगाच्या वासाने डोकं उठलं.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी टक्केसरांना फाटकातच गाठलं. जिभेला धार लावूनच गेले होते. "सर, दौरा तर रद्द झाला. पोरीला परत कधी सोडून येताय?"

मागच्या सीटवरून ती उतरत होती. तिचं दप्तर त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून काढून तिला दिलं, ती आत पळाली.

"परत? आठवी होईपर्यंत राहील म्हणून तिच्या आईला सांगून आणलीय," ते म्हणाले. आणि खरंच न कळल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. "साहेबांचा काय संबंध, बाई?"