गल्लीच्या तोंडाला लावलेले ड्रम

माय, सकाळपासून मी एका जागी बसलेली नाही. भाकरी टाकली ती तव्यावरच करपली. सून म्हणाली, "आई, तुम्ही आपलं बाहेर बसा." बाहेर येऊन बसले तर पुन्हा ही गल्ली डोळ्यांसमोर. उद्या संध्याकाळी इथंच बैठक आहे. शिकवणीच्या वेळेला, सकाळी आणि सांजच्याला, गल्लीतून मोटारी बंद करून नुसत्या सायकली सोडायच्या, की चाललंय तसंच चालू द्यायचं, ते हात वर करून ठरणार आहे. माझ्या नातीची सायकल राहते की जाते, तेही त्यातच आलं. मागं एका मोटारसायकलवाल्यानं तिला घासून पाडलं. कोपर सोलून निघालं, पण पोरीनं आधी उतरलेली चेन बसवली आणि मग रक्त पुसलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तिच्या बापाला नाही झाला. माझा लेक म्हणाला, "गल्ली बंद होत नसंल तर सायकल बंद. मीच सोडीन तिला क्लासला." आता बाप सोडणार म्हणजे आणायलाही बापच येणार. मग पोरीनं वाटेत मैत्रिणीसंगं खिदळायचं कधी?

ही जागा तुझ्या माहितीतली, पण आता तू ओळखायची नाहीस. दुष्काळी कामावर तू इथंच खडी फोडायचीस. बोटांना फाटक्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, डोक्यावर ओला फडका. दुपारी सुकडी वाटायचे, ती तू खायची नाहीस, पदराला बांधून ठेवायचीस माझ्यासाठी. एकदा मी नव्या खडीवर मधोमध फतकल मारून बसलेय, आणि तू लांबून ओरडतेस, "ऊठ गं! रस्त्यात बसत्यात व्हय? गाडी आली म्हंजे?" गाडी कसली येते, माय! चहूकडं भेगाळलेली वावरं. पुढं लातूर जिल्हा झाला, वावरांचे प्लॉट पडले, तुझ्या खडीवर डांबर आलं. तेवढं बघून तू गेलीस. "आता हितं सायेब लोक ऱ्हातील," म्हणाली होतीस. साहेब काही आले नाहीत, आम्हीच राहिलो. आणि शिकवणीची पोरं आली, गावोगावची, झुंडीनं, भोकरपासून उदगीरपर्यंतची.

यंदाही पाऊस नाही. नळाला पाणी यायचं म्हणजे पाहुणा आल्यासारखं कौतुक. त्यात परवा पहाटे महापालिकेच्या माणसांनी, आधी करून बघू म्हणून, गल्लीच्या तोंडाला निळे ड्रम लावले आणि गेले. आता आमच्या लातुरात ओळीनं ड्रम दिसले की माणसाला एकच गोष्ट सुचते. मीच पहिली घागर नेऊन लावली. माझी बघून शेजारणीनं लावली. मग कळश्या, बादल्या, तेलाचे डबे, कुणाचा तर बाळाला न्हाऊ घालायचा टब. उजाडेपर्यंत गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत भांड्यांनी भरून गेली. टँकरचा पत्ता नाही. कोपऱ्यावरचे किराणावाले अप्पा त्यांचा टेम्पो घेऊन आले, तर टेम्पोला वाट नाही. ड्रम पाण्याचे नाहीत, मोटारी अडवायचे आहेत, ते तेव्हा कुठं कळलं. पण तोवर काय झालं होतं माहीत आहे? भांड्यांच्या कडेनं पोरी सायकलींवर निघाल्या होत्या, घंट्या वाजवत, मोठ्यानं गप्पा मारत. एका मोटारीचा हॉर्न नाही. माझी नात एका हातानं हँडल धरून मला दुसरा हात हलवत गेली. मी घागरीजवळ उभी राहून हसत सुटले.

अप्पा मात्र तापले. "रस्ता काय ह्यांच्या बापाचा हाय का?"

मी म्हटलं, "बापाचा न्हाई अप्पा, माझ्या मायचा हाय. तिनं खडी फोडलीय हितं."

"मग तुमच्या मायलाच सांगा माझा माल उतरवायला!"

सगळे हसले, अप्पाही हसले. पण मग शेजारीण म्हणाली, "खरा टँकर आला म्हंजे? त्यो बी सकाळीच येतो की." हसणं तिथंच थांबलं. आजवर टँकर दारापर्यंत येतो, पाइप सोडला की झालं. गल्ली बंद झाली म्हणजे तो तोंडाशीच थांबणार. लेक कामावर, सून अंगणवाडीत, पाणी भरणार मीच. लेक सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, तिथून घागर तू आणणार का?"

"हाव, आणीन की," मी म्हटलं. नात माझ्याकडं असं बघून राहिली होती की दुसरं काही तोंडातून निघालंच नसतं. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगत फिरतेय, आमची आजी तयार आहे. आता चार म्हाताऱ्याही माझं बघून हो म्हणतायत, म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

काल दुपारी गल्ली झोपलेली बघून मी अर्धी घागर भरली आणि तोंडापासून निघाले. अप्पांचं दुकान ओलांडवेना, माय. गुडघ्यानं नाहीच म्हटलं. तिथंच रस्त्यात बसले. अप्पांनी फळी वर करून विचारलं, "काय आजी, दमला का?"

"न्हाई, सायकली बघत बसलेय," मी म्हटलं. त्या वेळेला गल्लीत एकही सायकल नव्हती.

उद्या मी हात वर करणार, ते पक्कं. घागरीचं तुझ्याशिवाय कुणाला बोलले नाही. नातीला माझं अक्षर वाचता येतं, म्हणून हा कागद आता फाडून टाकते.