पेटीतली झबली

नाशिकरोड,
१९ ऑगस्ट १९८४

सौ. आक्काबाई विहीणबाईंस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र शुक्रवारी पोचलं. इगतपुरीत पाऊस थांबायचं नाव घेत नाही, भिंतींना ओल आली आहे, व्याह्यांचा गुडघा दुखतो आहे, सगळं वाचलं. इकडे बाळ छान आहे. परवा दीड महिन्याचं झालं. अंगाने भरतंय आणि दूध असं जोरात ओढतं की चांगुणा ओरडते. हो, तेच दूध, जे तुमच्या मते विष आहे.

तुम्ही लिहिलंय, सुनेच्या दुधातच खोट म्हणून नातवाला कावीळ झाली, तेव्हा नातू आमच्याकडे आणून द्या, डब्याच्या दुधावर वाढवू, तिचं सवडीने बघू. सवडीने! माझी मुलगी म्हणजे काय तुमच्या स्टेशनात अडकलेली मालगाडी आहे, सिग्नल मिळाला की सोडायला? आणि खाली आमच्या जावयांची, निवृत्तीरावांची सही. रेल्वेत नोकरी करणाऱ्या माणसाला सही करण्याआधी कागद वाचायचा असतो, एवढंही कळू नये?

दुधाचं हे शास्त्र तुम्हाला कुणी शिकवलं, तेही मला माहीत आहे. तो तुमचा घोटीचा कावीळ उतरवणारा भिकन. बाळ तीन दिवसांचं होतं तेव्हा तुम्ही त्याला थेट माझ्या घरात आणलंत. बावीस वर्षं मी शाळेत मुलांना सांगते आहे की गंडेदोरे खोटे, आणि माझ्याच घरात, बुद्धाच्या तसबिरीखाली त्याने परात मांडली. बाळाचे हात चोळले, चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालं आणि तुम्ही हात जोडलेत. ‘बगा इनबाई, उतरली कावीळ!’ अहो, तो बोटांना आंब्याची साल चोळून आला होता, चुन्यात ती पिवळी होतेच. माझ्या चौथीतल्या मुलांनीही ओळखलं असतं. तुमच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचे तळपायसुद्धा पिवळे झाले. दूध ओढेना, हलवलं तरी डोळे उघडेना. रिक्षात घालून नेलं, तर तुमचं वाटभर चालूच, ‘दवाखान्यात घातलं का पोर हातचं जातंय.’ तुमचं ऐकलं असतं तर खरंच गेलं असतं.

डॉक्टरांनी तुमच्यादेखत सगळं विचारलं. दिवस पुरे भरले होते का? आईचा रक्तगट कोणता? पिवळेपणा पहिल्याच दिवशी दिसला की नंतर? दूध कधीपासून पाजलं? पुष्कळ बाळांना थोडी कावीळ होते आणि आपोआप जाते, पण ही तसली नाही, याचं रक्त आतल्या आत फुटतंय, असं त्यांनी समजावूनही सांगितलं. तुम्ही भिकनने दिलेली मुळी पदराच्या गाठीत चाचपत होतात. शेवटी त्यांनी विचारलं, ‘आईच्या माहेरी कुणी मुलगा असा पिवळा होऊन गेलाय का?’

मी म्हटलं, ‘नाही.’

इथवर लिहून काल पत्र उशाखाली ठेवलं होतं. आज पुढे लिहिते.

नर्सबाईंनी बाळाचं झबलं काढून नाकाशी नेलं, तेव्हा तुम्ही तिथेच होतात. ‘हे डांबरगोळ्यांच्या पेटीतलं का?’ त्या म्हणाल्या, आणि कपडे, दुपटी सगळी बाहेर टाकायला लावली. बाळाचं रक्त बदललं. मुंबईहून त्याच्या रक्ताचा रिपोर्ट गेल्या सोमवारी आला. त्याच्या रक्तात जन्मापासून एक कमतरता आहे. अशा मुलाला डांबरगोळीचा वाससुद्धा बाधतो. ही कमतरता आईकडून मुलाकडे जाते, बाईला स्वतःला बहुतेक काही होत नाही. चांगुणाला ती माझ्याकडून आली.

ती झबली माझ्या पेटीतली होती, आक्काबाई. चांगुणाच्या आधी, अठ्ठावन्न साली, मला मुलगा झाला होता. आठव्या दिवशी पिवळा होऊन गेला. धम्म घेऊन दोन वर्षं झाली होती, तरी सासूबाई म्हणाल्या नजर लागली, आणि मी ते मानलं, कारण ते मानणं सोपं होतं. बाराव्या दिवसापर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नाही, जुनं मऊच घालायचं, ही आपली रीत. त्याचीही झबली सासूबाईंनी गोळ्या घातलेल्या पेटीतूनच काढली होती. तो गेल्यावर मी ती जपली. सव्वीस वर्षं दर पावसाळ्याआधी पेटीत नव्या गोळ्या घातल्या. आणि नातवाच्या अंगावर मीच, या हातांनी, त्यातलं पहिलं झबलं चढवलं. त्याचं तरी कुणी घालतंय, या आनंदात.

डॉक्टरांशी खोटं बोलले, कारण तुम्ही शेजारी उभ्या होतात. भिकनला हसणारी मालनबाई मास्तरीण तुमच्यासमोर खाली बघणार नव्हती. तिकडे बाळाचा जीव जात होता आणि मी माझा तोरा सांभाळत होते. तुमचा भिकन बरा, त्याने निदान नुसतं पाणी पिवळं केलं.

तुमच्या पत्रात शेवटची ओळ नसती तर हे मी कधीच लिहिलं नसतं. ‘नातवाच्या गोधड्या वल नको म्हणून डांबरगोळ्या घालून ठेवल्यात.’ आजच्या आज त्या गोळ्या घराबाहेर काढा. गोधड्यासुद्धा. आणि डॉक्टरांनी काही औषधं कायमची वर्ज्य सांगितली आहेत, ती चिठ्ठी सोबत घातली आहे, निवृत्तीरावांनी पाकिटात ठेवावी. ही तरी वाचावी.

आता तुम्ही म्हणाल, खोट शेवटी तुमच्याच घरातली निघाली. म्हणा. गावभर सांगा. पण ती दुधात नाही, आणि ती चांगुणाने केलेली नाही. जे बोलायचं ते मला बोला.

काल डॉक्टरांना खरं सांगून आले. हे पत्र चांगुणाने वाचलं आहे. आपल्याला भाऊ होता हे तिला आज कळलं.

एक सप्टेंबरला सकाळच्या पॅसेंजरने दोघांना घेऊन येते. दोघांना. दारात पाऊल ठेवण्याआधी मी तुमच्या घरात वास घेऊन बघणार आहे. राग मानलात तरी चालेल.

चांगुणाची आई,
आणि बारशाआधी गेला म्हणून ज्याला नाव नाही, त्याचीही,
मालन