तिसरा खुंट

प्रिय दादा,

परवा सकाळी मी तुझ्यावर ओरडलो. मोठ्याने, भर माळावर, कपाळावरचं गंध अजून ओलं असताना. देवपूजेवरून उठलेल्या माणसाने तोंडातून काढू नयेत असे शब्द काढले. तू समोर नव्हतास, म्हणून तुझ्या ग्लायडरच्या शेपटीला ऐकवले. तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे, पण राग काही गेलेला नाही. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. लिहिताना माणूस जरा सभ्य राहतो, असं आपले गुरुजी म्हणायचे. बघू.

झालं ते असं. पहाटेपासून पश्चिमेचं वारं सुटलं होतं. वैशाख संपत आला की ते आपल्याकडे कसं अंगावर येतं, हे तुला सांगायला नको. वाडीत झावळ्या आपटायला लागल्या, तसा मी नैवेद्याची वाटी तशीच ठेवून माळावर पळालो. पंखांचे दोन्ही खुंट जागच्या जागी होते. ते तू केलेले. शेपटीचा तिसरा, माझ्या हातचा, माझ्या डोळ्यांदेखत जमिनीतून वर आला. मुळा उपटावा तसा. शेपटी उचलली गेली, हातभर बाजूला सरकली, आणि मी धावत जाऊन तिच्यावर आडवा पडलो. दुसरं काय करणार होतो? पन्नाशीला आलेला माणूस शेपटीवर पोट टेकून पडलाय आणि वारं त्याला खालीवर करतंय! रस्त्याने कोणी गेलं असतं तर गावाची वर्षभराची करमणूक झाली असती.

तेव्हा मी ओरडलो, "दोन केलेस, तसा तिसरा करायला काय धाड भरली होती तुला?"

बाकीचं इथे लिहीत नाही.

दादा, मुळात हे आणायचं कशाला होतं? सगळी नोकरी तू घाटावरच्या ग्लायडिंग केंद्रात ही बिनइंजिनाची विमानं दुरुस्त करण्यात घालवलीस. दुसरे उडायचे आणि तू पंखाचं टोक धरून बाजूने पळायचास, ते वर गेलं की परत फिरायचास. निवृत्त झाल्यावर माणसं घड्याळ आणतात, शाल आणतात. तू मोडीत निघालेलं एक ग्लायडर मागून घेतलंस आणि ट्रकवर घालून घरी आणलंस. वहिनीने दारात ट्रक बघितला तेव्हा तिला वाटलं, कपाट आलं. उडवायचं तर नव्हतंच, त्याची परवानगी कधीच संपली होती. तुला ते नुसतं उभं करायचं होतं. सकाळी दात घासत दारात आलं की समोर दिसलं पाहिजे, एवढंच.

गावाने काय कमी चेष्टा केली? दादाने विमान दावणीला बांधलंय, दूध किती देतं विचारा. तू हसायचास आणि म्हणायचास, शेड होईपर्यंत. वादळात अर्धी सुपारी आडवी झालेल्या वाडीत शेडला लाकूड कुठून येणार होतं, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जिच्यावरून माझं डोकं फिरतं. त्याचे पंख निघतात! हे मला तूच सांगितलंस. मधल्या पिना ओढल्या की पंख बाजूला, केंद्रात पावसाळ्याआधी आम्ही सगळी ग्लायडरं अशीच उतरवून आत ठेवायचो, असं तूच म्हणालास. मग इथे का नाही? पहिल्याच वैशाखात मी विचारलं होतं. तू उत्तर दिलंस, "पंख काढलेलं ग्लायडर म्हणजे सोंड नसलेला गणपती. मला नाही बघवणार."

गणपतीचं नाव काढलं की मी गप्प बसतो, हे तुला लहानपणापासून पाठ. पंख राहिले जागेवर.

मग खुंट आले. तुझ्या त्या दोन खुंटांना मी नावं ठेवत नाही. ताटलीएवढी जाड पत्र्याची तबकडी, तिला मधोमधपर्यंत एक चीर, चिरेच्या दोन कडा एक वर आणि एक खाली वाकवलेल्या, आणि ती सळईच्या टोकाला वेल्ड केलेली. वरच्या कडीत पहार घालून दोघांनी फिरवायचं, की ती स्क्रूसारखी जमिनीत उतरत जायची. बोर्लीचा वेल्डिंगवाला विचारत होता, हे विहिरीचं काम आहे की कशाचं. दोन दिवस आपण दोघं बैलासारखे गोल फिरत होतो. मध्येच तू थांबायचास आणि पहारेवर रेलून मला तबकडीचा तिरकेपणा समजावत बसायचास. मला वाटायचं, दादाला शिकवायची हौस. तेव्हा मी का नाही नीट बघितलं? पण त्यावर नंतर येतो.

तिसऱ्याची तबकडी कापून झाली आणि तू म्हणालास, उद्या करू. तुझा उद्या म्हणजे काय, ते मला शाळेपासून ठाऊक आहे. पावसाळाभर शेपटी वाळूच्या गोण्यांवर काढलीस. माघात एका दुपारी जेवून आडवा झालास, तो उठलाच नाहीस. तबकडी न्हाणीच्या भिंतीला टेकलेली राहिली.

तुझे दिवस झाले आणि मी त्या शेपटीच्या मागे लागलो. गोण्यांचं कापड उन्हाने विरलं होतं, वाळू ओघळत होती. आता मला सांग, आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाला काहीतरी बांधून ठेवायचं असेल, तर त्याला पहिलं काय सुचणार? मी खाडीवर इब्राहिमकडे गेलो. तो तुझा शाळासोबती, आजही तुझा विषय निघाला की डोळे पुसतो आणि लगेच तुझी एखादी फजिती सांगतो. त्याने होडीचा एक जुना नांगर काढून दिला, दोर दिला, स्वतः येऊन बांधूनही दिलं. गाठ मारताना हातभर ढील सोडली. मी म्हटलं, घट्ट नको का? तो म्हणाला, "दिलीपभाऊ, ढील न्हाय ठेवली तर भरतीला बुडंल ती."

आम्ही दोघांनीही मान डोलावली, दादा. माळावर भरती कुठून येणार, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही!

फाल्गुनात वारं आलं. ती हातभर ढील शेपटीला पुरली. वर जायची, हिसका बसायचा, खाली आपटायची. शेपटीखालचं छोटं चाक तडकलं. ढील काढून घट्ट बांधलं, तर नांगरच बाहेर आला. होडी नांगराला आडवी ओढते, म्हणून तो रुततो. शेपटी ओढते सरळ वर. कळल्यावर इब्राहिम कपाळाला हात लावून तिथेच वाळूत बसला आणि म्हणाला, तो वरून बघत असेल तर आपल्याला दोघांना शिव्या घालत असेल. मी म्हटलं, घालू दे. त्याने स्वतः केलं असतं तर ही वेळ आली नसती.

मग मी तुझी तबकडी उचलली. नमुना म्हणून तुझा एखादा खुंट उपटून न्यावा, तर तेवढ्यात पंख सुटेल. म्हणून आठवणीवर बनवून घेतला. तिरकेपणा जरा जास्त झाला. तू एवढं समजावलं होतंस, मी ऐकलं नव्हतं. खुंट जमिनीत गेला, पण जाता जाता त्याने डावाने ढवळावी तशी माती ढवळून ठेवली. वरून घट्ट, आत सगळं भुसभुशीत. मला काय माहीत? मी समाधानाने पालीला जाऊन आलो. बल्लाळेश्वरापुढे उभा राहिलो आणि मुलांसाठी, घरासाठी मागायचं सोडून म्हटलं, देवा, एवढा तिसरा खुंट सांभाळ. असलं मागणं त्याच्याकडे आजवर कोणी मागितलं नसेल. माझं रोजचं जगणंच त्यावर आलं होतं ना! लग्नाला गेलो तरी जेवताना डोळा झाडांच्या शेंड्यांवर. वारं हललं की हात धुवायच्या आधी घरी. बायको बोलायची थांबली आहे. आणि ते ग्लायडर मोडलं असतं तर? तुझं दुसरं राहिलंय काय माझ्याकडे?

तर परवा. मी शेपटीवर आडवा पडून तुझा उद्धार करतोय आणि तेवढ्यात वहिनी आली. आरडाओरडा ऐकून आली असणार. तिने मला बघितलं, पदर खोचला, आणि शेपटीच्या दुसऱ्या बाजूला बसली. बैलगाडीच्या मागच्या फळीवर बसतात तशी. शेपटी खाली टेकली आणि तिथेच राहिली.

आम्ही दोघं तसेच बसून होतो. वारं पडेपर्यंत उठता येईना. मी पुटपुटत होतो, पंख काढले असते तर हे काहीच झालं नसतं, पण नाही, ह्यांचा गणपती आडवा आला.

वहिनी समोर बघत म्हणाली, "भावोजी, गणपती नव्हता आडवा आला. त्यांच्यानं पंख उचलवत नव्हता."

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगत गेली. ग्लायडर आणलंस त्याच वर्षी तू एकट्याने एक पंख उतरवायला गेला होतास. पिन काढायच्या आधी नुसता भार घेऊन बघितलास आणि खाली बसलास. घामाने भिजला होतास. श्वास लागला होता. वहिनीने मला हाक मारायला म्हणून पाऊल उचललं, तर तू तिला शपथ घातलीस, स्वतःच्या गळ्याची. दिलीपला कळलं तर तो उद्याच्या उद्या अलिबागला डॉक्टरकडे नेईल आणि मग मला माळावर फिरकू देणार नाही. असं म्हणालास.

नेलंच असतं! फरफटत नेलं असतं. आणि त्यात वाईट काय होतं?

दादा, पंख उतरवायला दोन-तीन माणसं लागतात. आपल्या दोन घरांमध्ये तुळशीवृंदावन आहे, दुसरं काही नाही. एक हाक. तेवढी तुला मारता आली नाही? त्याऐवजी आपण खुंट करत बसलो. तू पहारेवर रेलायचास ते मला शिकवायला नव्हे, तुला दम खायचा होता. आणि मी वेडा तबकडीकडे बघत उभा. तुझ्या तोंडाकडे बघितलं असतं तर! आणि खोटं सांगायला तुला देवच सापडला? ज्या नावावर मी उलटून बोलणार नाही, नेमकं तेच?

वहिनीवर चिडायला गेलो, तर ती म्हणाली, गळ्याची शपथ होती हो, मोडली असती आणि काही झालं असतं तर? शपथ पाळली आणि व्हायचं ते झालंच. ती शेपटीवर बसून रडली, मी दुसरीकडे बघितलं. वारं पडलं तेव्हा आम्ही उठलो.

काल सकाळी पूजा झाल्यावर मी इब्राहिमला बोलावलं. त्याची होडी कधीच वर ओढून शाकारून झाली आहे, त्यामुळे माणूस मोकळा होता. पंख मुळाशी जड असतो आणि टोकाला हलका. मुळाशी इब्राहिम आणि मी, टोकाला वहिनी. तिला म्हटलं, तू राहू दे. ती म्हणाली, टोक धरायचं काम आमच्या घरातलंच आहे. पिन गंजली होती. खोबरेल सोडून, लाकडी हातोडीने हलक्या हाताने ठोकून ती बाहेर काढली. पंख सुटला तेव्हा इब्राहिम म्हणाला, बिस्मिल्ला. मी मनात आपल्या बाप्पाचं नाव घेतलं. दोन्ही पंख आपल्या लांब पडवीत आढ्याखाली पट्ट्यांनी टांगले. धड गोठ्यात ढकललं, शेपटी थोडी बाहेर राहते, तिच्यावर ताडपत्री. गाव म्हणेल, शेवटी गोठ्यातच गेलं. म्हणू दे.

मी मुद्दाम लांब उभं राहून बघितलं. सोंड नसलेला गणपती वगैरे काही दिसलं नाही, दादा. दिवसभर राबून आलेलं जनावर गोठ्यात बसलंय, एवढंच दिसलं.

माझा खुंट दोन बोटांनी निघाला. तुझे दोन मात्र निघेनात. इब्राहिमची पहार वाकली, तेव्हा मीच म्हटलं, राहू देत. गवत वाढलं की दिसणारही नाहीत, फक्त कोणाचा पाय अडखळू नये म्हणून कड्यांना लाल फडकं बांधलंय.

एक शब्द देतो. माघात तुझी तिथी येते, तेव्हा वारं शांत असतं. दरवर्षी त्या दिवशी आम्ही ते माळावर आणू, पंख चढवू, आणि दिवसभर ते तुझ्या दारासमोर उभं राहील. दोर नाही, नांगर नाही, खुंट नाही. पंखाचं टोक मी हातात धरून उभा राहीन. दमलो तर वहिनीला हाक मारीन. मी हाक मारीन, दादा. तेवढं तुझ्याकडून उलटं शिकलो.

दोन्ही पिना पुसून, तेल लावून देव्हाऱ्यात ठेवल्या आहेत. आत्ता बाहेर झावळ्या आपटतायत, आणि मी जागचा उठलेलो नाही.

तुझ्यावर अजून रागावलेला,
तुझा धाकटा
दिलीप