मी ऐकलं होतं

प्रिय धाकट्या,

तू तुझ्या मित्रासोबत संसार करतोस हे कळल्यावर आपल्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी, तू पेशंटना व्यायाम द्यायचास त्या खोलीतच तुला सुनावलं, "तुझ्यासारख्याने पेशंटला हात लावायचा नाही." पडद्यामागे मी चादरी बदलत होते. शब्द न् शब्द ऐकला. नोकरीवरून काढल्याच्या पत्रात मात्र 'पेशंट कमी झाले' एवढंच होतं.

तुझे वकील म्हणाले, "कायदा आपल्या बाजूने आहे, पण ते शब्द ऐकलेलं कुणीतरी पुढे यायला हवं." तू माझ्याकडे बघितलंस. मी हो म्हणाले.

मुख्य नर्सची जागा मला नुकतीच मिळाली होती. ती जाईल या भीतीने सुनावणीत मी म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही."

वकील पुन्हा विचारणार, तोच तू त्यांचा हात धरलास. "राहू द्या. ताई घाबरलीये. तिला घरी जाऊ द्या."

आणि मी खरंच घरी गेले रे. तू हरलास.

अपिलाची मुदत शुक्रवारी संपते. हे पत्र तुझ्या हाती पडलं, तर तेवढा पुरावा पुरेल म्हणे. म्हणूनच पाकिटावर पत्ता लिहायला हात धजत नाही.

तोंड दाखवायला जागा न उरलेली,
ताई